शुक्रवारी माग बंद असतात

इरेशने मोबाइलवर यादी पाठवली.
पहिलंच वाक्य : खोली गरम ठेवा.
आम्ही दोघंही हसलो.
वैशाख, सोलापूर, डोक्यावर पत्रा,
आणि हा सांगतोय खोली गरम ठेवा.

बाळ पंधरा दिवसांच्या आतलं असावं. आज चौदावा.
पोट भरलेलं असावं. ते बघू.
तेल नको, पावडर नको, काजळ तर नकोच.
एवढं वाचून दाखवलं तेव्हा
अम्मा उठून मोरीत गेली.
चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं
तिनं धुतली, हुंगली, पुन्हा धुतली,
मग पोरीच्या उजव्या तळपायाला,
जिथं कॅमेरा बघणार नाही तिथं,
तीट लावून आली.

नळाला उद्या पाणी, पाचव्या दिवशी.
तरी रेणुकाने एक घागर राखून ठेवलेली
दुपट्यांसाठी.
भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, खिळा राहिला.
पलंग खिडकीपाशी ओढला. खाली निघाल्या
दोन रिकाम्या कांड्या, एक चप्पल,
आणि लग्नातलं हरवलेलं जोडवं,
ज्यावरून आम्ही एकदा तीन दिवस बोललो नव्हतो.

वार मुद्दाम शुक्रवार धरला.
कारखान्याला सुट्टी, भिंतीपलीकडचे आठही माग गप्प.
"शांत पाहिजे बघा," इरेश म्हणाला होता,
"बारकी पोरं दचकतात ओ आवाजाला."

तो आला. वेताची टोपली, सशाचे कान,
आणि पांढरं, मऊ काहीतरी गुंडाळायला.
बाहेरून मागवलंय, म्हणाला.
मी दोन बोटांत धरून बघितलं, सवयीनं.
सुताला पीळ कमी. दोन धुण्यांत लोंबणार.
बोललो नाही.

पोरगी झोपेना.
पाजून झालं, खांद्यावर घेऊन झालं,
अम्माने तेलुगूत विनवलं, मग तेलुगूतच दटावलं.
इरेशने मोबाइलवर नदीचा आवाज लावला.
तिनं मोबाइलकडे असं बघितलं
की कुणीतरी उगाच थापा मारतंय.
ऊन पलंगावरून उतरून फरशीवर आलं.
दीड वाजता त्याला कुंभारीत डोहाळजेवण होतं,
घड्याळ न बघता तो घड्याळ बघत होता.

मग रेणुका म्हणाली, मान वर न करता,
"नऊ महिने हिने शांतता ऐकली कुठं?
जावा, एक माग चालू करून या."

चावी माझ्याकडेच असते.
आत अंधार, रुईचा वास, तेलकट जमीन.
चार नंबरवर बीम चढलेला होता.
बटण दाबलं.
धोटा गेला. आला. गेला.
एकट्या मागाचा आवाज असा असतो,
बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं;
आठांच्या गलक्यात कुणाचाच वेगळा येत नाही.

मी तिथंच उभा राहिलो.
चालता माग सोडून जाता येत नाही,
आणि भिंतीपलीकडचं कळायला मार्ग नाही.
टॉवेल उतरत राहिला पोटाशी.
मध्येच कांडी संपली, माग थांबला.
बदलायला मला डोळे लागत नाहीत,
तरी त्या दिवशी हात चाचपडला.
पलीकडून रडणं आलं नाही.
पुन्हा बटण दाबलं.

आठवड्याने फोटो आले.
टोपलीत ती, मुठी हनुवटीखाली.
सशाचे कान नाहीत, रेणुकाने लावू दिले नाहीत.
कडेला हिरव्या बांगड्या, अर्ध्या.
आणि उजवा तळपाय नेमका कॅमेऱ्याकडे,
तीट अशी ठळक, जणू फोटो तिचाच काढलाय.
अम्मा ते बघून दिवसभर खूश.
मी कुठंच नाही.
"तुम्ही नव्हता की तेव्हा," इरेश म्हणाला.

सोमवारी शेठने चार नंबरपाशी थांबून
कापड मापलं, वही बघितली, परत मापलं.
शुक्रवारी चार हात कसं वाढलं ओ, गाजूल?
पोरीचा फोटो काढत होतो,
म्हटलं.